सतारीचे खांदे

रामसिंगच्या घरात पोळ्याला रंगवण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती त्याची नव्हती.

ती पेरेरा साहेबांची गिटार होती. मेडशीच्या अलीकडे सडकेवरच्या नाल्यावर पूल बांधला गेला, तेव्हा हे साहेब गोव्याकडून ओव्हरशियर म्हणून आले होते. रामसिंग त्यांच्या तंबूची राखण करायचा. संध्याकाळी काम थांबलं की साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकत, गिटार मांडीवर घेत आणि वाजवत बसत. रामसिंगच्या बंजारा तांड्यातल्या लोकांच्या तोंडी गिटार हा शब्द काही बसला नाही. ते तिला साहेबाची सतार म्हणत, आणि पुढे तेच नाव राहिलं.

पूल झाला. साहेबांना भर श्रावणात दुसऱ्या कामावर जायचा हुकूम आला. उघड्या ट्रकमधून नेली तर सतार भिजेल, लाकूड फुगेल, म्हणून त्यांनी ती रामसिंगकडे दिली. दिवाळी झाली की येऊन नेतो, म्हणाले. ट्रक चढावर दिसेनासा होईपर्यंत रामसिंग ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन उभा होता, नुकतंच जन्मलेलं वासरू धरावं तशी.

त्या दिवाळीला साहेब आले नाहीत. नंतरच्या दिवाळीलाही नाहीत.

रामसिंगने सतार सांभाळली, पण त्याला कळत होतं त्या रीतीने. उंदीर पोहोचू नयेत म्हणून आढ्याला दोरी बांधून तिला टांगली. पावसाळ्यात ती जरा चुलीकडे सरकवायची, उन्हाळ्यात दारापासून दूर न्यायची. आणि दर पोळ्याला तिला रंग द्यायचा.

हे रंगाचं त्याच्या बायकोने, हिरीबाईने, सुरू केलं होतं. साहेब गेले त्याच महिन्यात त्यांच्या जोडीतला ढवळ्या घटसर्पाने मेला. एकट्या बैलाने औत चालत नाही. राहिलेला हरण्या रामसिंगने चुलतभावाला, दौलतसिंगला देऊन टाकला. त्याच्याकडेही एकच बैल होता. जोडी झाली, पण ती दौलतसिंगच्या दावणीला. पोळ्याच्या आदल्या दिवशी हिरीबाईने दरसालच्या सवयीने गेरू उगाळला, त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं, आणि वाटी भरल्यावर तिच्या ध्यानात आलं की दारात रंगवायला शिंगच नाही. वाटी हातात धरून ती रिकाम्या दावणीकडे बघत राहिली. मग आत आली, सतार खाली उतरवली आणि मांडीवर घेतली.

“हे काय करून राह्यली?” रामसिंगने विचारलं.

“पाह्य ना,” ती म्हणाली. “हिले मान हाय, पोट हाय, खांदे हायत. शिंगं तेवढी नाईत. तुले तरी कुठं हायत?”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपाने-हळदीने चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. ज्या खांद्यावर वर्षभर जू असतं, त्याला एक दिवस नुसता माणसाचा हात लागतो. हिरीबाईने सतारीच्या खांद्यांना, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंच्या गोल भागाला, गेरू चोळला. मग सगळं अंग रंगवलं. मग तिच्या पोटावरच्या गोल भोकाशी वाकून अगदी गंभीरपणे म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी तिने पुरणपोळीचा घास त्या भोकापाशी नेला, आणि मग तिला इतकं हसू आलं की ठसकाच लागला. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात असं हसू फार दिवसांनी झालं होतं.

पुढच्या पोळ्याला हिरीबाई नव्हती. उन्हाळ्यातच तापाने गेली. रामसिंग मेडशीला गेला आणि शिंगांना देतात तो तेलाचा रंग घेऊन आला. निळा आणला, कारण दुकानात पहिला तोच दिसला. एकट्याने सतार रंगवली. त्याच्या पुढच्या वर्षी पिवळा आणला, मग लाल, मागच्या वर्षी हिरवा. आवतनही तो द्यायचा, पण मनातल्या मनात. एकट्या माणसाचा आवाज घरात त्यालाच परका वाटायचा.

या सगळ्या रंगांच्या खाली, लाकडाला लागून, हिरीबाईचा गेरू होता. तिची कांचळी, आरसे लावलेली चोळी, तिच्या बहिणीने नेली होती. भांडी काय, सगळ्यांच्या घरी सारखीच असतात. तिच्या हाताचं म्हणून घरात जे काही राहिलं होतं, ते सतारीवर होतं आणि ते दिसत नव्हतं. पण आहे हे रामसिंगला माहीत होतं, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

*

यंदा पोळा आठवड्यावर आला असताना दौलतसिंग मेडशीहून निरोप घेऊन आला. तिथल्या सरकारी बंगल्याच्या खानसाम्याने सांगितलं होतं की पेरेरा साहेब आता मोठे साहेब झालेत. सडक पाहायला येणार आहेत. पोळ्याच्या दिवशी दुपारी बंगल्यावर थांबतील आणि लगेच पुढे वाशिमला जातील. रामसिंगकडे ठेवलेली वस्तू अजून आहे का, असं त्यांनी विचारलं होतं.

“मी हाय म्हनून सांगितलं,” दौलतसिंग म्हणाला. “कोनत्या रंगाची हाय, ते नाई सांगितलं.” आणि हसत हसत गेला.

रामसिंगला हसू आलं नाही. त्याने सतार उतरवली आणि दारात उजेडात धरली. इतकी वर्षं ती त्याला नीटच दिसत होती. आज साहेबांच्या नजरेने पाहिली, तर हिरवा रंग ओघळून कडेला थिजलेला दिसला. एका जागी त्यात माशी अडकून सुकली होती. वरची एक तार कधीच तुटली होती. उरलेल्यांतली एक त्याने छेडली. ओल्या गोणीवर थाप मारावी तसा ‘ढप’ आवाज आला. साहेब वाजवायचे तेव्हा तो आवाज नाला ओलांडून तांड्यापर्यंत यायचा. आणि तिचं लाकूड मधाच्या रंगाचं होतं, वर काचेसारखं पॉलिश होतं, हेही त्याला आत्ता आठवलं.

विश्वासाने ठेवलेली वस्तू जशी घेतली तशी परत द्यायची. याबद्दल त्याच्या मनात दोन मतं नव्हती. पण तशी द्यायची म्हणजे सगळा रंग काढायचा, आणि सगळा म्हणजे हिरीबाईचासुद्धा. तो दाराशी बसून राहिला. मग मनाशी ठरवलं की पाठीमागे, जिथे कुणी बघत नाही, तिथे तळहाताएवढा गेरू ठेवायचा. साहेबांना काय, पाठ कोण उलटून पाहतं?

त्याने विळा घेतला आणि पाठीच्या कडेपासून खरडायला सुरुवात केली. हिरवा पापुद्रा चटकन उचकटला. त्याच्याबरोबर खालचा लाल, पिवळा, निळा, सगळे उचकटले, आणि त्यांच्याबरोबर नखाएवढी लाकडाची चकतीही. खाली पांढरं लाकूड उघडं पडलं. बैलाच्या खांद्याची कातडी सोलल्यावर दिसतं तसं.

रामसिंगने विळा लांब ठेवला. सतार धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि मेडशीची वाट धरली.

*

मेडशीत मोटारी थांबत तिथे मारोतराव पेंटरचं दुकान होतं. ते पाट्या लिहीत, लोखंडी पेट्या आणि धमण्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या, रंगवत, आणि रंगाच्या डब्या विकत. त्यांनी फडकं उलगडून आधी सतारीकडे, मग रामसिंगकडे पाहिलं.

“दरसाल शिंगाचा रंग नेते, म्हनून मी समजलो, याच्या दारात मोठी जोडी हाय,” ते म्हणाले. “हा होय तुहा बैल? औताले चालते का?”

बाकड्यावर मोटारीची वाट पाहत बसलेले दोघे हसले. रामसिंग मान खाली घालून उभा राहिला. मारोतरावांनी सतार मांडीवर घेतली, विळ्याने उघड्या पडलेल्या जागेवर अंगठा फिरवला, आणि त्यांचं हसणं थांबलं. त्या जखमेच्या कडेला रंगांचे थर एकाखाली एक दिसत होते, कापलेल्या कांद्यासारखे.

“हे सारे तुहेच?” त्यांनी विचारलं.

“खालचा गेरू घरच्या मानसाचा हाय.”

हिरीबाई गेल्याचं मारोतरावांना ठाऊक होतं. त्यांनी बाकड्यावरच्या दोघांना तुमची मोटार आली म्हणून उठवलं, मोटार आली नव्हती तरी, आणि रामसिंगला समोर बसवून घेतलं.

“कोरडं खरडशीन त रंगासंगं लाकूड जाइन,” ते म्हणाले. “पान्यानं घास. पान्याले घाई नसते.”

मग त्यांनी त्याला एकेक गोष्ट सावकाश सांगितली, मध्येमध्ये त्याच्याकडून परत म्हणवून घेतली. सगळ्यात आधी तारा काढायच्या. मग सतारीचं तोंड बंद करायचं, कारण आत पॉलिश नसतं, कोरं लाकूड असतं. कोऱ्या लाकडाला पाणी लागलं की ते फुगतं, आणि फुगलं की सांधा सुटतो. म्हणून भोकात फडक्याचा बोळा, कडेने मेण. जिथे तारा बांधतात त्या पट्टीच्या कडेलाही मेण, आणि विळ्याने उघड्या केलेल्या जागेवर तर नक्कीच. घासायचं ते नुसत्या बोटांनी नाही. बोटं दाबतात आणि बोटांच्या चऱ्या पडतात. चपलेच्या जुन्या तळव्याचा सपाट तुकडा घ्यायचा, त्याला काचपेपर गुंडाळायचा आणि हाताचं जेवढं वजन आहे तेवढंच वजन द्यायचं, वरून जोर नाही. पाण्यात साबणाचा चुरा टाकायचा, म्हणजे निघालेला रंग काचपेपरात अडकत नाही. कडा शेवटी, आणि त्याही हलक्या हाताने, कारण रंग कडेवरून ओघळून जातो, तिथे तो पातळ असतो. बाहेरून गलेलठ्ठ दिसणारी कड आतून उपाशी असते, असं ते म्हणाले.

“थांबाचं कुठं?” रामसिंगने विचारलं.

“पान्याले इचार. हिरवं पानी आलं म्हंजे मागचं साल. लाल आलं म्हंजे त्याच्या आधीचं. असा उतरत जाय. पांढरं दुधावानी आलं, का समज तू साहेबाच्या पॉलिशवर आला. तिथं थांब. भुरं पानी आलं त मंग लाकूड गेलं, मंग मह्याकडं येऊ नोको.”

आणि दर थोड्या वेळाने पुसून, वाळू देऊन, उजेडात तिरपं धरून पाहायचं. ओलं असताना सगळंच गुळगुळीत दिसतं.

मोटारींना रंग देणारे वापरतात तो काळा, पाण्यात न विरणारा काचपेपर त्यांनी त्याला दिला. शेवटच्या हातासाठी समुद्रफेसाचा एक तुकडा दिला. काचपेपर घासून झाला की धुऊन वाळत घाल, नीट वाळवला तर तो पुन्हा चालतो, हेही सांगितलं.

*

रामसिंगने छपरीत खाटेवर गोणपाट अंथरलं, त्यावर सतार निजवली आणि शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं. पहिल्या दिवशी त्याचा हात फार भीत भीत चालला. पाणी जेमतेम हिरवट झालं. मग हळूहळू त्याला आपल्या हाताची एक जुनी गोष्ट आठवली. बैल औताला असताना संध्याकाळी तो त्यांच्या खांद्यांवरून तळहात फिरवायचा. जू घासून आत सूज धरत असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळायची. तिथली कातडी जरा गरम, जरा ताणलेली लागायची. त्याने काचपेपर बाजूला ठेवला आणि ओल्या सतारीवरून रिकामा तळहात फिरवला. जिथे रंग जाड होता तिथे हात घसरत गेला. पातळ होत आलेल्या जागी तो किंचित अडला. त्यानंतर दर वेळी आधी हात, मग काचपेपर, मग फडकं असं चाललं.

हिरवा गेला. घमेलं ओतून नवं पाणी घेतलं, तर ते लाल झालं. लाल रंगाच्या वर्षी तांड्याची विहीर खोल केली होती. सगळे पोळ्याला विहिरीवर जमले होते. रामसिंगही गेला होता, आणि जेवणाच्या वेळी ज्याच्या त्याच्या बायकोने ज्याला त्याला हाक मारली तेव्हा घरी परतला होता. लालाखाली पिवळा लागला. त्या वर्षी तो पोळा विसरलाच होता. संध्याकाळी सडकेवरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा त्याने घाईघाईने डबी उघडली होती, म्हणून पिवळा थर जागोजागी उतावीळ होता, कुठे जाड, कुठे नाहीच. घाईचं काम काढायलाही त्रास देतं. पिवळ्यावर त्याचा जवळजवळ सगळा दिवस गेला.

दौलतसिंग येता-जाता डोकावून जायचा. एकदा म्हणाला, “भिया, सासरी धाडाची हाय का हिले? एवढं न्हाऊ घालून राह्यला.” रामसिंग घासत राहिला. मग दौलतसिंगच थोडा वेळ बसला, घमेल्यातलं पाणी बदलून दिलं आणि गेला. तो गेल्यावर छपरी आधीपेक्षा मोठी वाटली.

पोळ्याच्या आदल्या सकाळी पाणी निळं झालं. रामसिंगचा हात मंदावला. निळा म्हणजे हिरीबाई गेल्यानंतरचा पहिला पोळा. त्याखाली ती होती. त्याने पुढची बाजू आणि कडा उरकल्या नव्हत्या, तरी सतार पालथी घातली आणि पाठीच्या मधोमध, जिथे तिचं थोडं ठेवायचं ठरवलं होतं, तिथून सुरुवात केली. इथे निळा काढायचा आणि गेरूवर थांबायचं. लाकडापर्यंत जायचंच नाही. हात एवढा हलका केला की काचपेपर नुसता पाण्यावर तरंगत असावा.

निळ्यात एक तांबडा ठिपका उमटला. रामसिंगने हात उचलला. ठिपका तसाच राहायला हवा होता. पण तो पसरला. त्याने फडक्याने टिपायचा प्रयत्न केला, तर फडकं तांबडं झालं आणि ठिपक्याच्या जागी मधाच्या रंगाचं लाकूड चमकलं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तेलाचा रंग पाण्याने विरघळत नाही. म्हणून तर तो इतके दिवस घासत होता. पण हिरीबाईने तेलाचा रंग दिलाच नव्हता. तिने गेरू आणि डिंक दिला होता. ती माती होती. पाणी लागलं की माती थांबत नाही, कितीही हलका हात असू दे. तळहाताएवढा तुकडा राखायचा विचार त्याने ज्या दिवशी केला, त्याच दिवशी तो फुकट होता. मारोतरावांच्याही हे लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि त्यांच्याने सांगवलं नसेल.

तो घमेल्याकडे बघत राहिला. पाणी गेरूचं झालं होतं.

मग त्याने काम पुढे चालू केलं, कारण अर्धवट ठेवून चालणार नव्हतं. आणि आता ते सोपं झालं होतं. पाणी निळ्याखाली शिरलं की गेरू विरघळत होता आणि वरचा निळा थर आपोआप सुटून पापुद्र्यासारखा हातात येत होता. चारही तेलाच्या रंगांनी साहेबांच्या पॉलिशला हातच लावला नव्हता. मध्ये गेरू होता. पांढरं दुधासारखं पाणी येईपर्यंत घासायची वेळही आली नाही. खालचं पॉलिश होतं तसं होतं. एकच जागा सोडून, जिथे विळा लागला होता. गेरू नसता, निळा सरळ पॉलिशवर बसला असता, तर तो काढताना पॉलिश नक्की गेलं असतं, आणि त्यापाठोपाठ लाकूड. हे समजायला रामसिंगला कुणी सांगायची गरज पडली नाही. तो कडांवरून हात फिरवत राहिला, फडक्याने पुसत राहिला.

दुपार कलल्यावर समुद्रफेसाचा हलका हात देऊन झाला. सतार सगळीकडून कोरडी केली. शेवटी भोकाच्या कडेचं मेण नखाने काढलं, फडक्याचा बोळा बाहेर ओढला आणि आत पाणी गेलं का ते पाहायला सतार उजेडाकडे तिरपी केली.

पाणी गेलं नव्हतं. पण भोकाच्या आतल्या अंगाला, कोऱ्या लाकडावर, तीन बोटांचे तांबडे ठसे होते. रंगवताना सतार मांडीवरून घसरू नये म्हणून हिरीबाईने ओल्या बोटांनी भोकात हात घालून ती धरली असणार. कोऱ्या लाकडाने गेरू पिऊन घेतला होता. बाहेरून पाहिलं तर दिसत नव्हते. डोकं अगदी जवळ नेलं तरच दिसत होते.

आत पाणी न्यायचं नाही, असं मारोतरावांनी बजावून सांगितलं होतं. रामसिंगने ते आत्ताही तंतोतंत पाळलं.

संध्याकाळी तांड्यात घरोघरी बैलांचे खांदे चोळणं चाललं होतं. हळदीचा आणि तुपाचा वास येत होता. रामसिंगने वाटीत बोटभर तूप घेतलं, फडक्याला लावलं आणि सतारीच्या दोन्ही खांद्यांवरून फिरवलं. मग भोकाशी वाकला. या वेळी मनातल्या मनात म्हणून चालणार नव्हतं.

“आज आवतन घ्या,” तो म्हणाला, “उद्या जेवाले या.”

सतारीच्या पोटात त्याचाच आवाज थोडा घुमला.

*

पोळ्याच्या दिवशी त्याने पहाटे उठून पुरण शिजवलं. त्याच्या हातच्या दोनच पोळ्या नीट झाल्या, बाकीच्या तव्यावर फुटल्या. आवतन दिल्यावर जेवू न घालता पाठवणं बरं नव्हतं, पण घरी ताट मांडलं तर उशीर झाला असता. त्याने दोन्ही पोळ्या फडक्यात बांधून घेतल्या.

बंगल्याच्या व्हरांड्यात पेरेरा साहेब उभ्यानेच चहा पीत होते. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. पुढे नदीला पाणी चढायच्या आत त्यांना वाशिम गाठायचं होतं. त्यांनी रामसिंगला ओळखलं, त्याचा हात हातात घेतला, घरच्यांची चौकशी केली. रामसिंगने घरचं माणूस गेल्याचं सांगितलं. साहेबांनी टोपी काढली. आपलीही बायको दोन वर्षांपूर्वी गेली, असं मग म्हणाले. घरी असलो की तिलाच वाजवून दाखवायचो.

त्यांनी फडकं उलगडलं. सतार दुपारच्या उजेडात मधासारखी चमकली. उरलेल्या तारा रामसिंगने परत बसवल्या होत्या, जमतील तशा. साहेबांनी खुर्चीवर बसून खुंट्या पिळल्या आणि अंगठा फिरवला. आवाज व्हरांड्यातून बाहेर गेला, सडकेपर्यंत गेला. जीपच्या ड्रायव्हरने वळून पाहिलं. साहेबांनी एक गत सुरू केली. मध्येच त्यांची बोटं अडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा त्याच जागी अडली. मग त्यांनी तळहाताने तारा थांबवल्या.

सतार उलटी करून त्यांनी विळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

“ते मह्या हातानं झालं,” रामसिंग म्हणाला. “विळा लागला. रंग काढून राह्यलो होतो.”

“रंग? रंग कायको दिया था?”

“पोया होता, साहेब.”

 समजल्यासारखी किंवा समजून घेण्याचा नाद सोडल्यासारखी साहेबांनी मान हलवली. ड्रायव्हरने आभाळाकडे बोट दाखवलं. साहेब उठले.

रामसिंगने फडक्याची गाठ सोडली. पोळीचा घास सतारीच्या भोकाशी न्यायचा होता, पण आता ती साहेबांच्या हातात होती. पोळी हातात धरून तो तसाच उभा राहिला.

“मेरे लिये?” साहेबांनी विचारलं.

रामसिंगने क्षणभर विचार केला. मग मान डोलावली. साहेबांनी सतार एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने पोळी घेतली आणि जीपमध्ये बसता बसता खाल्ली, अगदी शेवटच्या घासापर्यंत. बोटाला लागलेलं पुरणही खाल्लं. बहुत अच्छा, म्हणाले. जीप निघाली. मागच्या काचेतून सतारीची मान दिसत होती.

*

तांड्यावर परतताना तो त्याच पुलावरून आला. घरी आला तेव्हा पोळा फुटला होता. बैल तोरणाखालून सुटून घरोघरी चालले होते. बायका दारात ताटं घेऊन उभ्या होत्या, बैलांचे पाय धूत होत्या. रामसिंगच्या दारात ओवाळायला कुणी नव्हतं, म्हणून गेली काही वर्षं बैल इकडे वळत नव्हते. तो उंबऱ्यावर बसला. आढ्याची दोरी रिकामी होती.

दौलतसिंग जोडी घेऊन सडकेने जात होता. रामसिंगच्या दारासमोर तो थांबला.

“गेली?” त्याने विचारलं.

“गेली.”

दौलतसिंगने या वेळी थट्टा केली नाही. हरण्याने जुनं दार ओळखलं असेल किंवा नसेल, पण तो दोन पावलं आत आला. त्याच्या शिंगांवर नवा निळा रंग होता. रामसिंग उठला आणि सवयीने त्याने आधी खांद्यावर हात ठेवला, मग शिंगावर अंगठा फिरवला. निळ्याखाली मागच्या कितीतरी सालांचे थर तडकून फुगले होते. नवा रंग त्यांच्या भेगांतून ओघळला होता.

“रंगावर रंग देऊन राह्यला तू,” तो म्हणाला. “नवा धरीन कसा?”

“मंग काय करू?”

“आधी पान्यानं घासा लागते. सावकाश. पुढच्या पोयाले आदल्या दिवशी मह्याकडं आनजो. दोघायलेबी.”

“तू घासशीन?” दौलतसिंग म्हणाला. “हा उभा राहीन का, सतारीवानी?”

“मह्यापाशी राहीन.”

 पाहू पुढच्या साली, असं म्हणून दौलतसिंगने कासरा ओढला. हरण्या हलेना. रामसिंगच्या फडक्यात दुसरी पोळी होती. त्याने ती मोडून पुढे धरली. हरण्याने ती खाल्ली, तळहात खरखरीत जिभेने चाटला, आणि मग आपल्या जोडीदाराबरोबर पुढच्या दाराकडे चालता झाला.

घुंगरं दूर गेली. रामसिंग घरात आला. छपरीत घमेलं तसंच पडलं होतं, तळाशी तांबडा गाळ बसला होता. काळा काचपेपर त्याने चांगल्या पाण्यात धुतला, झटकला आणि आढ्याच्या रिकाम्या दोरीवर वाळत घातला.